आधी वजन की आधी उपचार? नाशिकमधल्या एका गटाच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

आजपासून गट सुरू. आमच्या वंध्यत्व ओपीडीत डॉक्टर मॅडम ज्यांना ‘आधी थोडं वजन उतरवू, मग पुढचं बघू’ असं सांगतात, त्यांना एकेकटं माझ्या खोलीत पाठवण्याऐवजी दर सोमवारी दुपारी एकत्र बसवायचं. मुदत सहा महिने. मी आहारतज्ज्ञ, सोबत फिजिओथेरपिस्ट आणि ओपीडीच्या सिस्टर. (या नोंदी प्रकल्पाच्या वहीतल्याच आहेत. कोणाची ओळख लागेल असे तपशील बदललेत, काही गाळलेत.)

दहा-बारा जणी आल्या. सिन्नर, ओझर, निफाडकडच्या, दोघी-तिघी गंगापूर रोडच्या. बहुतेकींच्या फाइलवर पीसीओडी, म्हणजे अंडाशयात बीजं नीट वाढत नाहीत आणि पाळी बिघडते ती तक्रार. एकीबरोबर सासूबाई आल्या होत्या, त्यांना बाहेर बसवलं नाही. स्वयंपाकघर कोणाच्या हातात आहे हे आपल्याला माहीत असतं.

पहिलं काम वजनाचं नव्हतं, वजनकाट्याच्या जागेचं होतं. काटा आजवर औषधांच्या काउंटरशेजारी, पॅसेजमध्ये. सिस्टर आकडा मोठ्यानं सांगतात, दुसऱ्या सिस्टर टेबलावर लिहून घेतात आणि बाकावरची सगळी मंडळी ऐकतात. निफाडची मुलगी काट्यावर चढण्याआधी चपला काढते, मग बांगड्या, मग मंगळसूत्र हातात धरून उभी राहते. एवढं कशासाठी, तर शंभर-दीडशे ग्रॅमसाठी. काटा माझ्या खोलीत दाराआड हलवला. आकडा आता फक्त तिला आणि मला दिसतो.

९ जून

बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा, हिशोब फळ्यावर मांडला. उंची १५४ सेंटीमीटर, वजन ७४ किलो, तर बीएमआय ३१च्या थोडा वर. आपल्याकडच्या लोकांसाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपण पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनावरच पोटाशी चरबी साठवतो, मधुमेहही लवकर गाठतो, म्हणून आपली रेघ अलीकडे ओढली आहे.

मग खरा प्रश्न आला: ‘म्हणजे मॅडम, मला ५९ किलो व्हायचंय?’ नाही. पीसीओडीत वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी पाळी मार्गी लागायला, बीज फुटायला (अंडाशयातून बाहेर पडायला) मदत होऊ शकते. ७४ किलोचे ५ टक्के म्हणजे पावणेचार किलोही नाहीत. ‘पंधरा किलो उतरवून या’ असं ऐकून आलेल्या बाईला हे सांगितलं की तिची बसण्याची पद्धतच बदलते.

कारणही सांगितलं, कारण ‘चरबीनं गर्भाशयाचं तोंड बंद होतं’ असलं काहीबाही दोघींच्या डोक्यात होतं. पोटाच्या चरबीबरोबर शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग इन्सुलिन जास्त स्रवतं. ते अंडाशयाला पुरुषी हार्मोन जादा बनवायला लावतं, आणि यकृतातून येणारं जे प्रथिन या हार्मोनला धरून ठेवतं ते कमी होतं. बीजं वाढायला लागतात पण अर्ध्यावर थांबतात. सोनोग्राफीत ज्यांना ‘गाठी’ म्हणतात त्या बहुधा हीच थांबलेली छोटी बीजं. गाठी नव्हेत त्या. पीसीओडीच्या बाईला ‘अंडाशयात गाठी आहेत’ एवढंच सांगून घरी पाठवणं बंद व्हायला हवं.

शेवटी ठरलेला सवाल: दीक्षित की दिवेकर? महाराष्ट्रात हा प्रश्न टाळून आहारावर बोलता येत नाही. दोन वेळाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांत, हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं. तूप-भात सोडू नका, घरचं खा, हे ऋजुता दिवेकरांचं. मी म्हटलं, दोघांपैकी कोणाचंही ऐका, पण घरी तुमच्या ताटात काय पडतं ते आधी मला सांगा.

१६ जून

तेलाचा गृहपाठ. ‘किती तेल वापरता?’ असं विचारलं की उत्तर एकच, ‘अगदी थोडं.’ म्हणून मागच्या वेळी सांगितलं होतं: डबा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करनं तारीख घाला, आधीचा केव्हा आणला होता ते किराणा दुकानाच्या बिलावर बघा.

सिन्नरच्या घरात माणसं चार, ५ लिटरचा डबा २४ दिवसांत संपला. ५ लिटर म्हणजे साधारण ४६०० ग्रॅम. माणशी रोज ४८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरीच्या ताटाला तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम धरलंय. आमच्या हिशोबात दाण्याचं कूट नाही, तूप नाही, बाहेरची मिसळ नाही. नाशिकमध्ये राहून मिसळ धरायची नाही हेही जरा अतीच, पण तर्री पुढच्या वेळी मोजू.

सासूबाईंनी (त्या नेमानं येतात) मधेच विचारलं, ‘फोडणीला कमी घातलं तर भाजी करपते, मग?’ बरोबर प्रश्न. फिजिओच्या खोलीत इंडक्शन लावून मेथीची भाजी केली. चमच्यानं मोजून दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की लसूण, भाजी टाकून झाकण, झाकणावर पाणी. भाजी आपल्याच वाफेवर शिजली. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, ‘आमची आई अशीच करायची.’ मी गप्प. माझ्या तासाभराच्या भाषणानं झालं नसतं ते त्या झाकणावरच्या पाण्यानं केलं.

७ जुलै

काल आषाढी एकादशी. आज सगळ्यांच्या वह्यांत साबुदाणा.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही पडली. एका वहीत: सकाळी खिचडी, अकराला बटाट्याचा चिवडा आणि चहा, दुपारी भगर-आमटी, चारला खजूर आणि चहा, रात्री साबुदाणा वडा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाच. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. ज्या बाईचं इन्सुलिन आधीच वर आहे तिच्यासाठी हा दिवस जड.

पण ‘उपास सोडा’ म्हणणं माझ्या कामाचं नाही आणि उपयोगाचंही नाही. मूल व्हावं म्हणूनच यांतल्या कित्येकींनी चतुर्थ्या धरल्यात. त्या सोडायला सांगणारी मी कोण? म्हणून उपासाचंच ताट लावलं: भगर वाटीभर, दाण्याची आमटी पण कूट मोजून, मोठा पेला ताक, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं, एक फळ. साबुदाणा हवाच असेल तर एकदाच, वाटीभर. दुपारचा चिवडा मात्र कोणत्याही देवाला नको असतो, असं म्हटल्यावर हशा पिकला.

१४ जुलै

वजन उतरवणारं इंजेक्शन. हा विषय येणारच होता. मार्चमध्ये मुंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी. रिल्स सुरूच आहेत. गंगापूर रोडच्या एकीनं थेट विचारलं, ‘चार महिन्यांत पंधरा किलो जातात म्हणे. मग डबे आणि चमचे कशाला मोजायचे?’

डॉक्टर मॅडमना बोलावून घेतलं. त्यांनी औषधाची निंदा केली नाही, ते बरं झालं. म्हणाल्या, काही जणींसाठी हे औषध खरंच उपयोगी आहे, पण क्रम समजून घ्या. ही इंजेक्शनं चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. गर्भावर काय परिणाम होतो याची पुरेशी माहिती नाही. सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवी, प्रयत्नांच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं. टिर्झेपाटाइड, म्हणजे मुंजारो, किमान महिनाभर आधी. वजन उतरलं की ज्यांचं बीज वर्षानुवर्षं फुटत नव्हतं त्यांचं फुटायला लागतं आणि नको तेव्हा दिवस राहतात. त्यात मुंजारो सुरू करताना आणि डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, म्हणून तेव्हा दुसरं साधन लागतं. आणि इंजेक्शन थांबवल्यावर भूक परत येते. ती नेमकी कधी परत येणार? तर प्रयत्नांच्या महिन्यांत.

विचारणारीचं वय २९. तिच्या हातात वेळ आहे. निर्णय तिचा आणि मॅडमचा. माझं काम दोन्ही वाटांवर तेच राहतं.

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेबद्दलही कोणी विचारलं. त्यानंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. एवढंच लिहून ठेवते, आमच्या गटात सध्या कोणालाच लागू नाही.

२१ जुलै

आज सत्र लवकर संपवलं आणि मॅडमच्या केबिनमध्ये बसून तीन अभ्यास वाचले. प्रकल्प मांडताना आम्ही अर्जात लिहिलंय, ‘वजन घटवून उपचाराचं यश वाढवणं’. त्या वाक्याला आधार किती आहे ते बघायचं होतं.

पहिला नेदरलँड्सचा, २०१६. बीएमआय २९ आणि त्यावरच्या ५७७ बायका. अर्ध्यांना आधी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम आणि मग उपचार, अर्ध्यांना लगेच उपचार. पहिल्या गटाचं वजन सरासरी ४.४ किलोनं उतरलं, दुसऱ्याचं १.१. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, एकच, निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीनं होणं हा निकष. आधी वजन उतरवलेल्यांत ते २७.१ टक्के, लगेच उपचार घेतलेल्यांत ३५.२ टक्के. उलटा निकाल.

दुसरा स्वीडनचा, २०१७. ३१७ बायका, आयव्हीएफच्या (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या) आधी अगदी कमी कॅलरीचा आहार. वजन नऊ किलोंवर उतरलं. जिवंत बाळंतपणं २९.६ विरुद्ध २७.५ टक्के. म्हणजे फरक नाही. तिसरा अमेरिकेतला, २०२२, कारण न सापडलेल्या वंध्यत्वाच्या ३७९ बायका. तिथंही वजन उतरवून मग उपचार घेतल्यानं बाळंतपणं वाढली नाहीत.

मी जरा खचलेच. मॅडम म्हणाल्या, ‘आता पुढचं पान वाच.’ डच अभ्यासात आधी वजन उतरवलेल्यांमध्ये उपचाराशिवाय, आपोआप दिवस राहिलेल्या २६.१ टक्के, दुसऱ्या गटात १६.२. स्वीडनमध्येही आपोआप दिवस राहणं वजन उतरवलेल्यांत जास्त.

आमचं बोलणं बराच वेळ चाललं. मला समजलं ते असं. ज्या बाईचं बीजच फुटत नाही, तिला वजन उतरवण्याचा फायदा थेट आहे, कारण अडलेली गोष्ट तीच आहे. जिला आयव्हीएफच लागणार आहे, म्हणजे गर्भाशयाच्या नळ्या बंद आहेत किंवा नवऱ्याचा शुक्रजंतूंचा रिपोर्ट फार खाली आहे, तिच्या बाबतीत बीजं इंजेक्शननं वाढवतात आणि सुईनं बाहेर काढतात. तिथं पाच किलोंनी यशाचा आकडा हलेलच असं नाही. आणि थांबण्याची किंमत असते. ती वयात मोजतात.

मग वजन उतरवायचंच कशाला? त्याचं उत्तर आयव्हीएफच्या टक्केवारीत शोधायचं नाही. जास्त वजनाच्या बाईला इंजेक्शनांचे डोस जास्त लागतात, सोनोग्राफीत अंडाशय नीट दिसत नाही, एग पिकअपच्या, म्हणजे बीजं बाहेर काढतानाच्या, भुलीत धोका वाढतो. दिवस राहिले तर गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब, सिझेरियन यांचं प्रमाण जास्त. बाळ होईपर्यंतचे नऊ महिने सुखरूप जावेत, हे कारण पुरेसं आहे. ते तसंच सांगायला हवं. ‘वजन उतरवलंस तरच बाळ होईल’ हे वाक्य खोटं आहे, आणि बाईच्या अंगावर दोष टाकणारं आहे.

अर्जातलं ते वाक्य उद्या बदलते.

४ ऑगस्ट

नवीन आलेली, वय ३८, बीएमआय ३३, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) ०.८. दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयातून आली. तिथं तिला कागदावर लिहून दिलं होतं, ‘दहा किलो कमी करून भेटा’. तारीख बघितली, मागच्या वर्षीची. तिनं खरंच सहा किलो उतरवलेत. चार राहिलेत म्हणून परत गेली नव्हती, लाजेनं. वर्षभर.

मॅडमनी फाइल बघितली आणि दुसऱ्या दिवसापासूनच तपासण्या लावल्या. एएमएच ०.८ म्हणजे बीजांचा साठा कमी. ३८व्या वर्षी वर्षभर थांबणं म्हणजे तिच्याकडे जे सगळ्यात कमी आहे तेच खर्च करणं. ती गटात येत राहील, पण उपचार वजनासाठी अडणार नाही.

तिला मी एकच गोष्ट सांगितली. सहा किलो उतरले ते वाया गेलेले नाहीत, भुलीच्या डॉक्टरांना विचारा. तेव्हा हसली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नेहमीचा वार नाही, पण आज अंगारकी आणि मंगळागौर एकाच दिवशी आली, म्हणून फिजिओच्या खोलीत खेळ ठेवले. फुगडी, झिम्मा, बस फुगडी, गाठोडं. पंधरा मिनिटांत सगळ्यांचे श्वास फुललेले. फिजिओ नाडी मोजत फिरत होती. ‘ट्रेडमिलवर यांना दहा मिनिटं ठेवताना माझा जीव जातो’ म्हणाली. बस फुगडीत मांड्यांना जे काम पडतं ते जिममधल्या स्क्वॅट्सनंही पडेलच असं नाही. गुडघे दुखणाऱ्या दोघींना झिम्म्यावरच थांबवलं.

व्यायामाचं उद्दिष्ट आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रमाचं, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. गोदापार्कला चालायला जाणाऱ्या दोघी सोडल्या तर ‘घरात दिवसभर पायावरच असते’ हे सगळ्यांचं उत्तर. खरं आहे, पण त्यात दम लागत नाही.

एक काळजीची नोंद. ओझरची एकजण झपाट्यानं उतरतेय. सकाळी लिंबू-मध पाणी, दुपारी काकडी, रात्री काही नाही, नणंदेच्या सांगण्यावरून. दर महिन्याला यायला लागलेली पाळी या महिन्यात आलीच नाही. तपासणी केली, दिवस राहिलेले नाहीत. शरीराला उपासमार कळली की ते बीज फोडण्याचं काम आधी बंद करतं. तिला परत भाकरीवर आणलं: दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, पालेभाजी, दही, सकाळी दोन अंडी (ती खाते). ती मेटफॉर्मिनवर (शरीरानं इन्सुलिनला दाद द्यावी म्हणून दिलेल्या गोळीवर) आहे आणि रिकाम्या पोटी घेत होती, म्हणून मळमळ. ही गोळी जेवणाबरोबर. शिवाय मेटफॉर्मिननं ब-१२ कमी होऊ शकतं, तेही तपासायला सांगितलं.

१ सप्टेंबर

गौरीपूजन. सत्र नाही. फोनवर दोघी बोलल्या, दोघींचं म्हणणं पुरणपोळीबद्दल नव्हतं. हळदीकुंकवाला गेलं की विचारतात, ‘काय गं, अजून काही नाही?’ आणि वर ‘जाड झालीस’. एका वाक्यात दोन्ही. यावर माझ्याकडे आहार नाही.

१५ सप्टेंबर

नवऱ्यांचं सत्र. चौघे आले. दोघे सातपूर एमआयडीसीत शिफ्टला, एक द्राक्षबागायतदार, एक बँकेत. बाकीचे ‘कामात आहेत’.

कंपनीतला एक भट्टीजवळ काम करतो. अंडकोष शरीराबाहेर असतात ते थंड राहावेत म्हणून. तासन्‌तास उष्णतेत उभं राहिल्यानं शुक्रजंतूंवर परिणाम होऊ शकतो. तो म्हणाला, ‘नोकरी सोडू का?’ नोकरी कशाला, खात्यात दुसरी जागा मिळते का ते बघा, मॅडम पत्र देतील. मग वजन. पुरुषाच्या चरबीतही पुरुषी हार्मोनचं स्त्री हार्मोनमध्ये रूपांतर होतं. पोट वाढलं की गणित बिघडतं. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बायकांची ८०. टेप फिरवली. बँकेतले साहेब श्वास आत घेऊन उभे. ‘सोडा श्वास’ म्हटल्यावर आकडा सात सेंटीमीटरनं वाढला आणि सगळे हसले, तेही.

बागायतदारांनी विचारलं, बदल किती दिवसांत दिसेल? शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे आज तंबाखू सोडली तर त्याचा रिपोर्ट डिसेंबरात बघायचा, पुढच्या आठवड्यात नाही. फवारणी करताना हातमोजे आणि मास्क वापरा, एवढं मी माझ्या पदरचं सांगितलं.

त्यांतल्या दोघांची सिमेन तपासणी आजवर झालेलीच नव्हती. बायकोच्या फाइलमध्ये तीन वर्षांच्या सोनोग्राफ्या. यावर मॅडम काय बोलल्या ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

२९ सप्टेंबर

निफाडच्या मुलीचं बीज फुटलं. फॉलिक्युलर स्टडीत (बीजाची वाढ बघणाऱ्या सोनोग्राफीत) बाराव्या दिवशी १९ मिलिमीटर, चौदाव्या दिवशी फुटलेलं. वजन ७८ वरून ७३. पण हे एकट्या वजनाचं श्रेय नाही, सोबत लेट्रोझोल, म्हणजे बीज फुटावं म्हणून दिलेली गोळी, चालू आहे.

त्या गोळीवरून मागच्या महिन्यात गोंधळ झाला होता. मेडिकलवाल्यानं तिला सांगितलं, ‘ही कॅन्सरची गोळी आहे.’ खोटं नाही, स्तनाच्या कर्करोगासाठीच ती निघाली. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदीही आली होती, ती नंतर उठली. २०१४च्या अमेरिकेतल्या ७५० पीसीओडी बायकांच्या अभ्यासात लेट्रोझोलवर २७.५ टक्क्यांना बाळ झालं, जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के, जास्त वजनाच्या बायकांत हा फरक ठळक होता. मॅडमनी हे तिला आणि तिच्या दिराला (तो सगळं गूगल करतो) बसवून समजावलं, तेव्हा गोळ्या सुरू झाल्या.

ओझरच्या त्या मुलीची पाळी दोन महिन्यांनी परत आली. भाकरीवर.

१३ ऑक्टोबर

फराळाचं नियोजन. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशव्यापी अभ्यास नुकताच छापून आलाय: आपल्या जेवणातल्या कॅलरीपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. गटाच्या वह्या बघितल्या तर हे खरं वाटतं. भात, पोळी, पोहे, चहाबरोबर खारी-टोस्ट. प्रथिनं म्हणजे वाटीभर पातळ वरण, ज्यात डाळ शोधावी लागते. वरण घट्ट करा, एवढ्या एका बदलावर मी महिनाभर बोलतेय.

फराळात चकली-शेव तळणीची, म्हणून वाटून टाका. भाजक्या पोह्यांचा चिवडा ठेवा, दाणे-डाळं भरपूर, तेल मोजून. लाडू दिवसाला एक, जेवणानंतर, चहाबरोबर नाही. करंज्यांबद्दल सासूबाईंनी आधीच बजावलं, ‘करंजीला हात लावायचा नाही.’ नाही लावला.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाल्यावर लगेच वजन घ्यायचं नाही असं ठरवलं. काटा झाकून ठेवला. कंबर मात्र मोजली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. गटातल्या एकीची बहीण इंग्लंडमध्ये, लेस्टरला. तिथं एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) खर्चानं आयव्हीएफ हवं असेल तर बहुतेक भागांत बीएमआय ३०च्या आत लागतो; हिचा ३१.५. ‘दीड आकड्यासाठी अडलंय ताई.’ तिथं निदान नियम लेखी आहे, आणि सरकारी पैसा वाटायचा म्हटल्यावर कुठंतरी रेघ ओढावी लागते हेही कळतं. पण आपल्याकडे खाजगीत, स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्या बाईला तीच रेघ दाखवून परत पाठवतात, तेव्हा ती कशासाठी असते ते विचारायला हवं. भुलीसाठी असेल तर ठीक. यशाचे आकडे चांगले दिसावेत म्हणून असेल, तर नाही.

तिचं वय ३१, बीज फुटत नाही. तीन-चार किलोंचा प्रश्न आहे. तिला महिनाभर थंडीत घरात करण्यासारखा व्यायाम आणि राजमा-मूग-अंडी यांचा डबा लिहून दिला. घेवड्याच्या शेंगा तिकडे गोठवलेल्या मिळतात, ही नवी माहिती मला.

१० नोव्हेंबर

३८ वर्षांच्या ताईंचं आयव्हीएफ झालं, यशस्वी नाही. बीजं चार मिळाली, एक गर्भ गर्भाशयात सोडला, रिपोर्ट निगेटिव्ह. आज त्या गटात येतील असं वाटलं नव्हतं, आल्या. मागच्या बाकावर बसल्या, वही काढली. मध्येच सिन्नरच्या सासूबाई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि डब्यातलं थालीपीठ त्यांच्या हातावर ठेवलं. भाजणीचं होतं, तेल बेताचं.

नंतर मला त्यांनी विचारलं, ‘उरलेले चार किलो उतरवले असते तर?’ मी जे वाचलंय ते सरळ सांगितलं. त्या चार किलोंमुळे झालं असं कोणताही अभ्यास म्हणत नाही. वय आणि बीजांचा साठा यांचं वजन त्याहून कितीतरी मोठं. मॅडम पुढचं चक्र जानेवारीत घेऊ म्हणतात.

सिन्नरच्या सुनेला मात्र दिवस राहिलेत, कोणत्याही गोळीशिवाय. पाच किलो उतरले होते. बातमी गटात सांगायची नाही असं तिनंच सांगितलं, आणि ते योग्यच. तिचं फॉलिक ॲसिड आधीपासून चालू होतं. साखरेची तपासणी आता लगेच आणि पुढे २४ ते २८ आठवड्यांत परत. वजन उतरवणं तिच्यापुरतं थांबलं, गरोदरपणात ते करायचं नसतं. आता काट्यावर वाढ किती हवी ते बघायचं.

१ डिसेंबर

पहिल्या गटाचा शेवटचा सोमवार. मॅडमबरोबर नवा फॉर्म ठरवला. जुन्या फॉर्मवर पहिला रकाना होता ‘उद्दिष्ट वजन’. तो खाली नेला. आता सगळ्यात वर वय आणि एएमएच, मग बीज फुटतं का, नळ्या, नवऱ्याचा रिपोर्ट (हा नसेल तर फॉर्म पुढे जाणार नाही, सिस्टरना तसं सांगितलंय), आणि मग ‘किती थांबायचं’. तिथं किलो लिहायचे नाहीत, तारीख लिहायची. पस्तिशीच्या आतली, बीज न फुटणारी असेल तर तीन ते सहा महिने. पस्तिशी ओलांडलेली किंवा साठा कमी असेल तर थांबायचंच नाही, उपचार आणि आहार बरोबरीनं. त्या तारखेला वजन कितीही असलं तरी मॅडमकडे परत यायचं.

तारखेच्या रकान्यावर मॅडमनी स्वतः लाल पेननं चौकट मारली.

पुढचा गट ५ जानेवारीपासून. वेळ तीनऐवजी बारा, सिन्नरकडच्यांना अंधाराआधी घरी पोचता यावं म्हणून. नवऱ्यांचं सत्र दुसऱ्याच आठवड्यात घ्यायचं, रविवारी. इंडक्शनची परवानगी फिजिओकडून परत घ्यायची आहे, मेथीचा वास तिच्या खोलीतून अजून गेलेला नाही म्हणते.